म्हातारीची चाल

दुपारी बाळाला पाजता पाजता आईला जी झोप लागते, ती झोप नव्हेच. एक डोळा मिटलेला, एक कान उघडा आणि खालचा हात मुंग्या येऊन दगड झालेला. शलाका तशी कुशीवर पडली आहे. मल्हार छातीशी चुटुचुटु पितोय, मध्येच थांबतोय, काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा ओढतोय. पलीकडच्या खोलीत सुजित संगणकासमोर बसून पिक्चरचा एकच तुकडा पुढं-मागं करतोय. टक-फरफट, टक-फरफट. मग जुईचं खुदकन हसणं. पुन्हा टक-फरफट.

"अरे, बस की आता," शलाकाच्या ओठांवर येतं, पण बाळ दचकेल म्हणून ती गप्प राहते. गप्प राहायला तिला हल्ली कुठलंही कारण पुरतं.

उद्या श्रावणातला पहिला सोमवार. पेठेतल्या बालवाचनालयात संध्याकाळी त्यांचा बाहुल्यांचा पिक्चर दाखवायचाय. सगळा घरचाच कारभार: बाहुल्या शलाकाच्या, कॅमेरा सुजितचा, वासराचा आवाज पाच वर्षांच्या जुईचा, आणि म्हातारीचं लुगडं सासूबाईंच्या जुन्या लुगड्यातून कापलेलं. गोष्ट मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा असतो. तो दवंडी पिटवतो, घरातलं सगळं दूध देवळात आणा, थेंब मागं ठेवाल तर याद राखा. लोक वासरांच्या तोंडचं काढतात, पोरं रडवतात, घागरीवर घागरी ओततात, पण गाभारा काही भरत नाही. मग एक म्हातारी निघते. वासराला पाजून, नातवंडांना पाजून, लेकी-सुनांना देऊन जे उरलं ते घेऊन निघते. खुलभर दूध, म्हणजे इवल्याशा भांड्यात मावेल एवढंच. आणि तेवढ्यानं गाभारा काठोकाठ भरतो.

पिक्चरचा सगळा जीव म्हातारीच्या त्या वाटेत. घर ते देऊळ. शलाकानं टेबलावर काथ्याचा भुसा आणि विटेचा चुरा पसरून वाट केली, पण बाहुली काही केल्या चालेना. सरळ चालवली की दुकानातलं खेळणं वाटायची. अशात एका संध्याकाळी सासूबाई तिच्यासाठी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून आल्या. एक पाय टेकवत, एक ओढत, बशीत थेंब सांडू न देता. शलाकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं त्यांच्या हातातला कप घेतला, बाजूला ठेवला, चहा गार झाला, आणि बाहुली लंगडायला लागली.

लंगडली तशी ती जिवंत झाली. जुई हसून हसून लोळली. शेजारपाजारची पोरं जमली, तीही लोळली. "म्हातारी कशी चालते? अश्शी!" करत जुई घरभर पाय ओढत फिरायला लागली. सासूबाई सगळ्यांना हसताना बघून हसल्या. पण सुजितनं फोनवर तो तुकडा आईसमोर धरला, तेव्हा त्या हसल्या नाहीत. शेवटपर्यंत बघितला, "पदर छान बसलाय," एवढंच म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

ज्येष्ठ सरता सरता त्या गेल्या. झोपेतच. शलाका त्यांना आत्या म्हणायची, सुजितच्या गावाकडं सासूला तसंच म्हणतात. आत्या गेल्यापासून तिच्या मनात एकच काटा सलतोय. त्यांनी स्वतःला ओळखलं होतं का? ज्या बाईनं आपलं घर अंगावर घेतलं, तिचं दुखणं आपण पोरांना हसायला दिलं, हे त्यांना कळलं होतं का? उद्या तर हॉलभर पोरं हसतील. आणि सुजित कौतुकानं सगळ्यांना सांगेल, ही कल्पना शलाकाची.

टक-फरफट.

मल्हारची पकड सुटते. त्याचा ओठ झोपेतच एकदा पितो, मग राहतो.

पायाखाली विटेचा चुरा लागतो.

शलाका वाटेवर उभी आहे. टेबलावरचीच वाट, पण आता चांगली बैलगाडी जाईल एवढी रुंद. पुठ्ठ्याची झाडं डोक्याच्या वर गेलीत. आभाळाच्या निळ्या चादरीला सुरकुती पडलीय आणि सुरकुतीत कपड्यांचा चिमटा तसाच राहिलाय. तिला कशाचंच नवल वाटत नाही. चिमटा कॅमेऱ्यात येईल, एवढीच चुटपुट लागते.

वाटेच्या कडेला पारावर आत्या घेवडा मोडत बसल्यात.

"आलीस?" त्या मान वर न करता म्हणतात. "बस. शिरा काढू लाग."

शलाका बसते. शेंगा कापडाच्या आहेत, तिनंच कधीतरी दुमडून शिवलेल्या, तरी शीर अगदी सरळ सुटून येतेय.

"आत्या, तुम्ही..." तुम्ही गेला होता ना, असं विचारायचंय तिला. पण दारात आलेल्या पाहुण्याला परतीची गाडी विचारल्यासारखं ते वाटतं, आणि ती शब्द गिळते.

"मी काय?"

"चहा घेणार?"

"तू करणार? मग राहू दे. तुझ्या चहाची वाट बघण्यातच तहान मरते."

शलाकाला हसू येतं.

"पिक्चर झाला म्हणे," आत्या म्हणतात.

"झाला. उद्या दाखवायचाय."

"पोरांना खायला काय ठेवलंयस?"

"खायला? तासाभराचं तर काम आहे, आत्या."

"म्हणजे काहीच नाही. उपाशी पोराला देवाची गोष्ट सांगतेस होय गं? आणि गोष्ट कुठली, तर आधी पोरांना पाजायची!" त्या शेंग कडकन मोडतात. कापडाची शेंग खरीखुरी मोडल्यासारखी वाजते. "चुरमुऱ्याचे लाडू कर. गूळ माळ्यावर आहे, लाल झाकणाच्या डब्यात नाही, दुसऱ्यात."

"करते." मग ती धीर करते. "आत्या, ती म्हातारी..."

"नाक मोठं झालंय तिचं."

"नाकाचं नाही. तिची चाल."

आत्यांचे हात थांबतात. त्या पहिल्यांदाच तोंड वर करतात. चेहरा त्यांचाच आहे, पण कडांना जरा कागदाच्या लगद्यासारखा, अजून न वाळलेला. शलाकाला वाटतं, बोट लावलं तर ठसा उमटेल.

"तू विषय काढणार, वाटलंच मला," आत्या म्हणतात. "एक सांगू? रागावू नको. ते काही बरं केलं नाहीस तू."

हेच तर ऐकायचं होतं. हेच ऐकायचं नव्हतं.

"बिचारी कदमकाकू! तिनं तुझं काय घोडं मारलं होतं?"

"कदमकाकू?"

"अगं, तळमजल्यावरची. डावा पाय ओढते बघ, मोरीत घसरल्यापासनं. मी तर सुजितच्या फोनात बघून लाजेनं मेले. म्हटलं, हिच्या सुनेनं बघितलं तर आपण तोंड कुठं लपवायचं? जिन्यात रोज गाठ पडते! काय बोलावं सुचेना, म्हणून आपलं पदराचं काढलं आणि उठले. लुगडं माझं नि सोंग कदमकाकूचं. वा गं वा!"

"आत्या," शलाका म्हणते, आणि तिचा आवाज कुठल्या तरी डब्यातून आल्यासारखा येतो, "ती तुम्ही होता."

"मी?"

"हो."

आत्या तिच्याकडं बघतात. रागानं नाही. दुकानदारानं भलतंच माप दाखवावं तसं.

"मी कशाला अशी चालेन?" त्या म्हणतात आणि मांडीवरचा घेवडा झटकून उठतात. "चल वर. पाणी तापलं असेल."

जिना आहे. त्यांच्याच इमारतीचा, भिंतीवर जुईनं खडूनं काढलेल्या वासरांचा. आत्या पुढं आहेत आणि शलाका मागं. तिला घाई आहे, कशाची ते आठवत नाही. ती एक पायरी चढते आणि थांबते, कारण पुढची पायरी अजून आत्यांची आहे.

"मी पुढं होऊन दार उघडू?"

"दार उघडंच आहे. तू मागनं ये."

ती मागनं येते. आत्यांचा डावा पाय वर चढतो. हात कठड्यावर सरकतो. मग उजवा पाय ओढला जातो, त्याच पायरीवर, डाव्याच्या शेजारी, रुसलेल्या पोराला दंडाला धरून आणावं तसा. पुन्हा डावा वर. कठडा. पुन्हा उजवा ओढत.

उजवा.

शलाका खडूच्या वासराला टेकते. तिचे हात आपोआप पुढं येतात, बाहुलीच्या मागच्या काड्या धरल्यासारखे: डाव्या हातात डाव्या पायाची, उजव्या हातात उजव्या पायाची. आत्या नेहमी तिच्याकडं तोंड करून यायच्या, चहा घेऊन, ताट घेऊन, आंघोळ घातलेलं बाळ घेऊन. समोरून येणाऱ्या माणसाचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताशी असतो. तिनं तो तसाच उचलला आणि बाहुलीला डावीकडं लावला. इतके दिवस डाव्या पायानं लंगडवलं. आणि एकदाही, एकदाही तिला शंका आली नाही.

"मागनं कधी चाललीस माझ्या?" आत्या न वळताच म्हणतात. श्वास लागलाय त्यांना, तरी आवाजात टोमणा शाबूत आहे. "कायम आपली दोन पायऱ्या पुढं. वर जाऊन दारात उभी. 'या की आत्या, लवकर.' येतेच आहे बाई. विमान सुटतंय का?"

ओळखलंच नव्हतं. शलाकाला हायसं वाटायला हवं. काटा निघाला म्हणायला हवं. पण काटा निघतो तिथं भोक राहतं, आणि या भोकातून आत बघायची तिला लाज वाटते. सोंग काढायला तरी माणसाकडं बघावं लागतं. आपण तेही केलं नाही. एका मोरीत, एका ताटावर, एका पाळण्याच्या दोन बाजूंना एवढा संसार केला, आणि दुखरा पाय कुठला हे माहीत नव्हतं.

"आत्या, हळू चढा," ती म्हणते.

"आता?" आत्या खळखळून हसतात. "आता होय!"

दार उघडंच आहे. आत वाफ आहे.

न्हाणीघर. पितळी घंघाळात पाणी वाफाळतंय. असलं घंघाळ त्यांच्या घरात कधीच नव्हतं, पण ते इथंच असायला हवं असं वाटतं. आत्या पाटावर बसल्यात, भिंतीला पाठ लावून, लुगडं गुडघ्यांच्या वर खोचलेलं, दोन्ही पाय पुढं पसरलेले. बाळंतघरात आजी बसते तशा. पायांवर बाळ पालथं आहे. शलाकाला वाटतं मल्हार आहे. मग जावळ दिसतं, तर ती जुई, इवलीशी, टाळू भरायच्या आधीची. मग तीही नसते. कुणाचं तरी बाळ, एवढंच.

आत्या तांब्यानं पाणी ओततात. एक हात बाळाच्या पाठीवर, आणि दुसऱ्या हातानं त्या मध्येच आपला उजवा गुडघा खाली दाबतात. पाणी ओततात, गुडघा दाबतात. पाणी, गुडघा.

"ते काय करताय?"

"हा मेला सरळ राहत नाही. उचलला गेला की बाळ घरंगळतं. म्हणून दाबायचा."

"दुखत नाही?"

"दुखतो की. दुखणार नाही तर काय गाणं म्हणणार?"

"मग सांगायचं होतंत, आत्या. मी घातली असती आंघोळ. बाई लावली असती."

"बाई लावली असती," आत्या तिची नक्कल करतात, पण मऊ. "जुईच्या वेळेपासनं असाच आहे तो. तू इथंच तर उभी असायचीस, टॉवेल धरून, या दारात."

शलाका दाराकडं बघते. दारात ती उभी आहे, टॉवेल पसरून, ओल्या केसांची, झोप न झालेली. डोळे बाळावर खिळलेले. पाण्याचा थेंब नाकात जातोय का, मान धरलीय का, साबण डोळ्यात जातोय का. त्या दारातल्या शलाकाची नजर बाळाच्या अंगभर फिरते आणि बाळ संपतं तिथं संपते. ज्या पायांवर बाळ आहे, ते पाय तिला पाटासारखे.

"मी बघितलंच नाही," शलाका म्हणते.

"तू बाळाकडं बघत होतीस. आईनं बाळाकडं नाही बघायचं तर कुणाकडं?" आत्या बाळाला अलगद उचलून दारातल्या शलाकाच्या टॉवेलात देतात, आणि दार रिकामं होतं. पाय मात्र तसेच पसरलेले राहतात. उजवा गुडघा हळूहळू वर येतो, आपला आपण.

"तुझ्या गोष्टीतली ती म्हातारी," आत्या म्हणतात, "वासराला पाजलं, नातवंडांना पाजलं, सुनांना दिलं, मग एवढी वाट तुडवत देवळात गेली. गाभारा भरला, लोकांनी जयजयकार केला. आणि म्हातारी घरी कशी आली गं?"

गोष्टीत ते नाही. कुणी विचारलंही नाही.

"बस खाली," आत्या म्हणतात. "ती वाटी घे."

कोनाड्यात वाटी आहे. तीळतेल, ओवा जाळून काढलेलं, अजून कोमट. शलाका ओल्या फरशीवर गुडघे टेकते. तिला हात लावायचं धाडस होत नाही. सासूच्या पायाला तिनं वाकून हात लावलेत, सणावाराला, बोटांच्या टोकांनी. तळवा कधी नाही.

"लाव की. चावत नाही तो."

ती तळव्यावर तेल घेते आणि तळवा उजव्या गुडघ्यावर ठेवते. गुडघा गरम आहे. हाडावर सूज बसलीय, नारळाच्या शेंडीकडच्या भागासारखी टणक, आणि एका जागी, गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या अंगाला, तळव्याखाली काहीतरी सरकून कटकटतं. आत्या श्वास आत ओढतात.

"इथं?"

"खाली जरा. हं. तिथं."

ती चोळत राहते. वाफेत आत्यांचा चेहरा पुसट होतोय, आवाज तेवढा जवळ आहे. शलाकाला काय काय म्हणायचंय. माफ करा म्हणायचंय, तो चहा मी प्यायलेच नाही हेही सांगायचंय. पण तेल लावणाऱ्या माणसानं बडबडू नये, हात हलका पडतो, असं आत्याच म्हणायच्या.

"कळलं का आता, कुठं दुखतं ते?" आत्या विचारतात.

"कळलं."

"मग बास."

मल्हार खाकरतो, रडायची तयारी करतो, आणि शलाका डोळे उघडते.

पंखा. खिडकीत पांढरट ऊन. खालचा हात अजून दगड आहे. वरच्या हातानं ती बाळाला थोपटायला जाते आणि थबकते. तळवा सटकतो. बोटांच्या बेचक्यांत, हाताच्या रेषांत, मनगटाच्या घडीपर्यंत तेल आहे. ती हात नाकाशी नेते. जळलेला ओवा. मल्हारच्या झबल्यावर, ती झोपेत जिथं हात टेकून होती तिथं, पसरट डाग पडलाय.

ती हात पुसत नाही. बाळाला डाव्या कडेवर घेते आणि पलीकडच्या खोलीत जाते. जुई जमिनीवरच झोपून गेलीय. सुजित वळतो.

"उठलीस? झालंच आहे. पाठवून देऊ का वाचनालयात?"

"सुजित, आत्यांचा कुठला पाय दुखायचा?"

"डावा," तो लगेच म्हणतो. मग, "नाही. थांब." तो पडद्याकडं बघतो, पडद्यावर म्हातारी डावा पाय ओढत उभी आहे. "डावाच ना?" आता त्याचा चेहरा हरवल्यासारखा होतो. "शलाका, मला आठवत का नाही?"

"उलटं करता येतं का हे? आरशात दिसतं तसं?"

एवढंच ना, म्हणत तो बोट दाबतो. चित्र पालटतं. म्हातारी आता पलीकडून निघते, भांडं सांभाळत, डावा टेकवत, उजवा ओढत. दोन पावलं. तीन. सुजितची खुर्ची मागं सरकते.

"आई," तो म्हणतो. कुणीतरी दारात आल्यासारखा.

मग तो डोळे पुसतो. "हेच ठेवू. एका बोटाचं काम झालं. असंच पाठवू."

"पदर बघ."

पदर उजव्या खांद्यावर गेलाय.

"कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"आत्यांना चालायचं नाही," शलाका म्हणते. "चाल पुन्हा घेऊ. आज. कॅमेरा वाटेच्या या टोकाला लाव, म्हातारीच्या पाठीमागं. आणि देवळाकडं जाताना नको घेऊस. ते झालंय. दूध ओतून ती परत घरी येतेय, ते घेऊ."

"गोष्टीत ते नाही गं."

"नाही ना."

सुजित तिच्याकडं बघतो आणि मल्हारला घ्यायला हात पुढं करतो. शलाका खिळ्यावरची बाहुली काढते. तिला टेबलावर उभी करते, देवळाकडं पाठ करून. काड्या धरायच्या आधी तळवा तिच्या उजव्या गुडघ्यावर ठेवते, जरा खाली, आतल्या अंगाला, आणि दाबून धरते.

"अगं, हात कसला आहे तुझा? तेल लागतंय," सुजित म्हणतो. "डाग दिसेल."

जुनं धुवट लुगडं. ते तेल हळूहळू पिऊन घेतं.